उलटी, पोटॅशियम आणि उशिरा मिळालेलं नाव : बुलिमियाच्या शारीरिक दुष्परिणामांचा इतिहास



पेटची तयारी करणाऱ्यांचा आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो, 'ऐतिहासिक पार्श्वभूमी' या मथळ्याखाली नेमकं काय लिहायचं? बहुतेक सिनॉप्सिसमध्ये तिथे तारखांची माळ असते. अमक्या साली अमक्याने शोध लावला, तमक्या साली व्याख्या बदलली, झालं एक पान. आज मी एकच आजार घेतोय आणि त्याचा इतिहास नावावरून न सांगता दात, मूत्रपिंड, हृदय आणि प्रयोगशाळेतलं एक यंत्र यांच्या बाजूने सांगतोय. माझी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीतली, त्यामुळे मूत्रपिंडाकडे जरा जास्त ओढा दिसेल.

आजार आहे बुलिमिया नर्व्होसा. थोड्या वेळात, आवर घालता येणार नाही इतकं खाणं, मग वजन वाढेल या भीतीने ते 'भरून काढणं'. कुणी उलटी काढतं, कुणी जुलाबाची औषधं घेतं, कुणी कडक उपाशी राहतं, कुणी अतोनात व्यायाम करतं. आणि हे सगळं चोरून. अॅनोरेक्सियात माणूस डोळ्यादेखत वाळत जातो, घरच्यांना कळतं. बुलिमियात वजन बहुधा सर्वसाधारण असतं, त्यामुळे घरात कुणालाही कळत नाही. इतिहास सांगताना हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण याच लपलेपणामुळे या आजाराला नाव मिळायला १९७९ साल उजाडलं.

शब्द मात्र जुना आहे. ग्रीक भाषेत 'बूस' म्हणजे बैल आणि 'लिमोस' म्हणजे भूक. बैलाची भूक. आपल्याकडे खाखा सुटलेल्या माणसाला 'भस्म्या झालाय का रे तुला?' असं विचारतात, तो भस्म्या म्हणजे आयुर्वेदातला भस्मक, अत्यग्नी. जठराग्नी इतका भडकतो की खाल्लेलं भस्म होतं. शेकडो वर्षं युरोपातला 'बुलिमिया' आणि आपला भस्म्या हे साधारण एकाच जातीचे शब्द होते, दोन्हीत भूक आहे, पण उलटी नाही आणि लठ्ठ होण्याची भीती तर मुळीच नाही. १७४३ च्या रॉबर्ट जेम्सच्या वैद्यकीय कोशात खाण्यानंतर उलटी होणारा प्रकार वेगळा काढून त्याला 'कुत्र्याची भूक' असं नाव दिलंय. तेवढ्यावरून 'अठराव्या शतकात बुलिमिया होता' असं लिहू नका. शब्द तोच राहतो आणि खालचा आजार बदलतो, हे वैद्यकाच्या इतिहासात फार वेळा होतं.

दुसरा सापळा रोमन लोकांचा. 'रोमन श्रीमंत मेजवानीत खाऊन व्होमिटोरियममध्ये जाऊन उलट्या करायचे' हे वाक्य मी पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनेतसुद्धा वाचलंय. व्होमिटोरियम म्हणजे प्रेक्षागृहातून गर्दी भसाभस बाहेर पडण्यासाठी ठेवलेला रस्ता. उलटीशी त्याचा संबंध शब्दाच्या धातूपुरता.

आता आपल्याकडे येऊ. उलटीचे दुष्परिणाम पद्धतशीर मांडणारा सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक आपल्या हाताशी आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातला सहावा अध्याय वमन-विरेचनाच्या व्यापदांवर, म्हणजे उलटी आणि जुलाब देताना बिघडणाऱ्या गोष्टींवर आहे. (वाचायची असेल तर यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली, चक्रपाणीच्या टीकेसह १९४१ साली मुंबईच्या निर्णयसागर प्रेसने छापलेली आवृत्ती घ्या. संदर्भासाठी आजही तीच लागते.) तिथे दहा व्यापदे आहेत. पोट फुगणं आणि कातरल्यासारखं दुखणं यांच्यासोबत 'हृद्ग्रह' म्हणजे हृदय धरल्यासारखं होणं आहे, 'गात्रग्रह' म्हणजे हातपाय आखडणं आहे, 'क्लम' म्हणजे गळून जाणं आहे. 'जीवादान' म्हणजे जिवंत रक्त पडणं. पडलेलं रक्त जीवरक्त आहे की रक्तपित्त, हे ओळखायला ते अन्नात मिसळून कावळ्याला किंवा कुत्र्याला घालून बघायची परीक्षा दिली आहे. शिवाय त्या रक्ताने कापड भिजवून, वाळल्यावर कोमट पाण्याने धुऊन डाग जातो का ते बघायचं. प्रयोगशाळा नसताना केलेली ही 'डायग्नोस्टिक टेस्ट' मला फार आवडते.

हृद्ग्रह आणि गात्रग्रह वाचल्यावर बायोकेमिस्ट्रीवाल्याच्या डोक्यात लगेच पोटॅशियम आणि कॅल्शियम येतं. येऊ द्या, पण लिहिताना हात आखडता घ्या. चरकाला पोटॅशियम माहीत नव्हतं. त्याने सांगितलेलं वमन म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली, स्नेहन-स्वेदन करून, ठरावीक ऋतूत दिलेली उलटी. आजही महाराष्ट्रात चैत्राच्या सुमाराला 'वासंतिक वमना'च्या पाट्या लागतात. त्यानंतर संसर्जनक्रम असतो, आधी पेज, मग दाट विलेपी, मग यूष, असं पायरीपायरीने नेहमीच्या जेवणावर यायचं. बुलिमियात यातलं काहीच नाही. हेतू वेगळा, वारंवारता वेगळी, लपवाछपवी वेगळी. मग दोन्ही एका लेखात का? कारण मूत्रपिंडाला हेतू कळत नाही. आम्ल बाहेर गेलं की ते आपल्या नियमाने चालतं. हे नियम कसे समजले, हाच या लेखाचा गाभा आहे.

त्याआधी युरोपातल्या दोन घटना पटकन. १७२४ साली डच वैद्य हेर्मान बूऱ्हावे याने यान व्हान वासेनार या नौदलाच्या अधिकाऱ्याची हकीकत छापली. भरपेट जेवण, मग ओकारीचं औषध, जोराची उबळ, छातीत भयंकर कळ आणि काही तासांत मृत्यू. शवविच्छेदनात अन्ननलिका फाटलेली निघाली. १९२९ साली बॉस्टनमध्ये मॅलरी आणि वाइस यांनी दारूच्या अतिरेकानंतर जोराच्या उलट्या होऊन रक्त ओकणाऱ्या रुग्णांमध्ये अन्ननलिका आणि जठराच्या सांध्यावरच्या चिरा दाखवल्या. पहिला प्रकार दुर्मीळ, शस्त्रक्रियेवाचून सहसा जीव वाचत नाही. दुसरा बराच आढळतो आणि बहुतेक वेळा आपोआप भरून येतो. बुलिमियाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ही दोन नावं आहेत, पण मूळच्या रुग्णांपैकी कुणालाही बुलिमिया नव्हता! आजाराचे दुष्परिणाम आजाराच्या आधी सापडले होते.

पोटॅशियमचीही तीच गोष्ट. १८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवायचा प्रयत्न करत होता. नुसतं मिठाचं पाणी पुरत नव्हतं. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणाने काम भागायचं, शुद्ध पाण्यातल्या द्रावणाने नाही, कारण नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. पोटॅशियमचं प्रमाणही नेमकं लागत होतं, जास्त झालं की हृदय थांबायचं. आज कुठल्याही दवाखान्यात लटकणारी 'आर.एल.'ची बाटली, त्यातला 'आर' म्हणजे हाच रिंगर.

म्हणजे हृदयाला पोटॅशियम लागतं हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. पण समोरच्या रुग्णाच्या रक्तात ते किती आहे हे मोजायचं कसं? जुन्या रासायनिक पद्धती वेळखाऊ होत्या, भरपूर रक्त लागायचं. १९४० च्या दशकात फ्लेम फोटोमीटर आला. नमुना ज्योतीत फवारायचा, सोडियम पिवळा प्रकाश देतं, पोटॅशियम जांभळट, प्रकाशाच्या तीव्रतेवरून प्रमाण काढायचं. बी.एस्सी.ला फ्लेम टेस्ट सगळ्यांनीच केलीय, तत्त्व तेच. या यंत्राने काही मिनिटांत आकडा मिळू लागला. त्याच दशकात येलच्या डॅनियल डॅरो यांनी जुलाब झालेल्या बाळांना द्रवात पोटॅशियम द्यायला सुरुवात केली. आज अंगणवाडीत मिळणाऱ्या ओआरएसच्या पाकिटात लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं, ते याच परंपरेतलं.

संशोधन करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. एखादा आजार 'सापडला' असं आपण म्हणतो, तेव्हा आधी कोणतं यंत्र स्वस्त झालं ते बघा. रोजच्या रक्ततपासणीत पोटॅशियम आलं नसतं, तर दिसायला धडधाकट असलेल्या तरुण मुलींचं पोटॅशियम विनाकारण खाली का जातंय, हा प्रश्नच कुणाला पडला नसता.

तर पोटॅशियम जातं कुठे? सरळ उत्तर 'उलटीतून', आणि ते बरंचसं चुकीचं आहे. जठररसात पोटॅशियम फार नसतं. उलटीतून प्रामुख्याने पाणी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे हायड्रोजन आणि क्लोराइड, बाहेर जातं. आम्ल गेल्यामुळे रक्त अल्कधर्मी बनतं आणि बायकार्बोनेट वाढतं. पाणी आणि मीठ कमी झाल्यामुळे शरीर घाबरतं, रेनिन आणि पुढे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. अल्डोस्टेरॉनचा मूत्रपिंडाला आदेश एकच असतो, सोडियम वाचव, बदल्यात पोटॅशियम सोड. त्यामुळे उलटी तोंडातून आणि पोटॅशियम लघवीतून. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलीमोल प्रतिलिटर असायला हवं. ते बरंच खाली गेलं की स्नायू गळतात, पायात गोळे येतात, आतडी मंदावतात, ईसीजीत टी-लहर चपटी होऊन यू-लहर दिसू लागते, आणि हृदयाचा ताल अचानक बिघडू शकतो. बुलिमियात जीव जातो तो अनेकदा इथे. दीर्घकाळ असंच चाललं तर मूत्रपिंडालाही कायमची इजा होते.

आता उपचार, आणि हा भाग आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. आमच्या राणीसावरगावात काय किंवा गंगाखेडला काय, अशक्तपणा आला की पहिलं वाक्य असतं, 'डॉक्टर, एक सलाईन लावा.' त्यातही 'ग्लुकोजची बाटली' म्हणजे ताकदीची, असा पक्का समज. अल्डोस्टेरॉन वाढलेल्या या रुग्णाला नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर काय होईल? ग्लुकोजने इन्शुलिन वाढतं, इन्शुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलतं, आणि आधीच कमी असलेला आकडा आणखी घसरतो. उलट नुसत्या पोटॅशियमच्या गोळ्या दिल्या आणि मीठ-पाण्याची तूट भरलीच नाही, तर अल्डोस्टेरॉन ते पोटॅशियम पुन्हा लघवीतून काढून टाकतं. म्हणून दोन्ही हवं, मीठ-पाण्याची तूट सावकाश भरणं आणि पोटॅशियम क्लोराइड देणं. सौम्य तूट असेल तर तोंडावाटे, गंभीर असेल तर दवाखान्यात ईसीजीवर लक्ष ठेवून, शिरेतून अगदी हळू. मॅग्नेशियमही तपासावं लागतं, ते कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही.

'सावकाश' का? कारण अल्डोस्टेरॉन लगेच खाली येत नाही. उलट्या एकदम थांबल्या आणि सलाईन भराभर चढवलं, तर ते सगळं मीठ-पाणी अंगात साठतं, पायावर सूज येते, दोन-तीन दिवसांत वजनाचा काटा वर जातो. आता त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वजनाच्या भीतीनेच जी आजारी पडली, तिला उपचार सुरू होताच वजन वाढलेलं दिसतं. ती दवाखान्यातून निघून जाते आणि पुन्हा तेच सुरू होतं. ही सूज चरबीची नाही, पाण्याची आहे आणि काही आठवड्यांत उतरते, हे आधीच सांगणं हाही उपचारच. काही वेळा डॉक्टर अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन थोडे दिवस देतात.

या अवस्थेला 'स्यूडो-बार्टर' म्हणतात. १९६२ साली फ्रेडरिक बार्टर आणि सहकाऱ्यांनी एक दुर्मीळ आजार वर्णिला, ज्यात मूत्रपिंडातल्याच दोषामुळे पोटॅशियम जातं, रक्त अल्कधर्मी होतं, अल्डोस्टेरॉन वाढतं. पुढे 'बार्टर' म्हणून पाठवलेल्या काही रुग्णांमध्ये लपवलेली उलटी निघाली. फरक कळायचा लघवीतल्या क्लोराइडवरून. उलटी करणाऱ्या व्यक्तीचं मूत्रपिंड क्लोराइड घट्ट धरून ठेवतं, म्हणून लघवीत ते फारच कमी. खऱ्या बार्टरमध्ये जास्त. एक साधी, स्वस्त तपासणी, आणि ती व्यक्ती जे बोलू शकत नाही ते सांगते. पण हे ज्ञान 'पकडलं तुला' अशा पद्धतीने वापरलं तर रुग्ण परत येत नाही. तपासणी उत्तर देते, विश्वास देत नाही.

दाताचा धागाही असाच स्वतंत्रपणे सुरू झाला. १९३७ साली अमेरिकेत बार्गेन आणि ऑस्टिन यांनी दीर्घकाळ उलट्या होणाऱ्या रुग्णाच्या दातांची झीज नोंदवली. दाताचं एनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं आणि जठररस त्याहून कितीतरी आम्ल. झीज वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूला होते, आरशात न दिसणाऱ्या. त्यामुळे बुलिमिया पहिल्यांदा ओळखणारा माणूस कित्येकदा दंतवैद्य असतो. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर मऊ पडलेलं एनॅमल आणखी घासलं जातं, म्हणून नुसती चूळ भरायची, फ्लोराइड वापरायचं. कायमची कॅप वगैरे उलट्या थांबल्यावर. कानाखालच्या लाळग्रंथीही सुजतात, चेहरा गोल दिसतो. गालगुंड समजून घरगुती लेप लावले जातात. ती सूजही उलट्या थांबल्या की हळूहळू ओसरते, गरम शेक आणि लाळ सुटेल असं काही चघळणं यांनी आराम पडतो.

हे सगळे सुटे धागे एकत्र बांधले जेराल्ड रसेल यांनी. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातल्या या मानसोपचारतज्ज्ञाने १९७९ साली 'सायकॉलॉजिकल मेडिसिन' या नियतकालिकात ३० रुग्णांवरचा निबंध छापला आणि 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव दिलं. शीर्षकातच त्यांनी याला अॅनोरेक्सियाचा धोक्याची चाहूल देणारा प्रकार म्हटलं. पोटॅशियमची तूट आणि इतर शारीरिक गुंतागुंत त्यांनी सुरुवातीलाच मांडली. उलटीची सवय जडते आणि म्हणून ती धोकादायक, हे स्पष्ट लिहिलं. हाताच्या पाठीवर, बोटांच्या पेरांवर दातांमुळे पडणारे घट्टे त्यांनीच नोंदवले, त्याला आज 'रसेलचं चिन्ह' म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९८० साली, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-३ मध्ये 'बुलिमिया' आला. निबंध मिळाला तर जरूर वाचा. नवा आजार मांडताना किती सावध भाषा लागते याचा तो नमुना आहे.

नाव मिळाल्यावर उपचार भराभर पुढे गेले. १९८१ मध्ये ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बुलिमियासाठी संज्ञानात्मक वर्तनोपचार मांडला. उपाशी राहणं, मग भुकेने अतिखाणं, मग अपराधाची भावना, मग उलटी, मग पुन्हा उपास, हे चक्र नियमित जेवणाने तोडायचं. मुख्य उपचार आजही हाच. औषधांत फ्लुओक्सेटिनचा मोठा अभ्यास १९९२ साली आला, ३८७ स्त्रिया, आठ आठवडे. रोज ६० मिलिग्रॅमने फरक पडला, नैराश्यासाठी देतात ती २० ची मात्रा अपुरी ठरली. अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. याउलट ब्युप्रोपियॉन या औषधाच्या १९८८ मधल्या चाचणीत काही रुग्णांना झटके आले आणि बुलिमियात ते देऊ नये असं ठरलं. (ही माहिती अभ्यासासाठी आहे, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.)

एक कडवट नोंद भारताच्या संदर्भाने करायची आहे. १९८३ साली अमेरिकन गायिका कॅरेन कार्पेंटर वयाच्या ३२ व्या वर्षी गेली. अॅनोरेक्सियासोबत एमेटिन या द्रव्याने हृदयाला झालेली इजा कारण म्हणून नोंदली गेली. एमेटिन हे इपेकाक या ओकारीच्या औषधातलं द्रव्य. पाश्चात्त्य वृत्तपत्रांना ते नवीन होतं. पण १९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी अमिबाजन्य आवेवर एमेटिनची इंजेक्शनं सुरू केली होती, आणि ती घेताना हृदयाला जपायला रुग्णाला झोपवून ठेवतात, हे आपल्याकडच्या डॉक्टरांच्या दोन पिढ्यांना पाठ होतं. आवेवरचं ज्ञान मानसोपचाराच्या खोलीपर्यंत पोचलं नाही. दोन विभागांच्या मधल्या अशा भिंतीतच पीएच.डी.चे विषय सापडतात.

आणि आपल्याकडे बुलिमिया? १९९५ साली दिल्लीच्या एम्समधल्या खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी पाच तरुणींची नोंद छापली. न खाणं, सततच्या उलट्या, वजन घटणं, पाळी थांबणं, पण पाश्चात्त्य पुस्तकांत ठळकपणे दिलेली शरीराच्या आकाराबद्दलची विकृत कल्पना त्यांच्यात दिसत नव्हती. निदान करतानाच अडचण आली, असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय. त्याआधी १९८९ मध्ये किंग आणि भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना एक इंग्रजी प्रश्नावली हिंदीत करून दिली होती. काही प्रश्नांवर गुण भलतेच वाढले आणि त्यात धार्मिक उपवासांचा आणि शब्दांच्या वेगळ्या अर्थाचा हात निघाला.

हे वाचताना मला आमच्या गावचं रेणुकामातेचं नवरात्र आठवतं. कुणी नऊ दिवस फक्त फळं, कुणी साबुदाणा-भगर, कुणी 'उठता-बसता' म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. आता समजा मी परभणी जिल्ह्यातल्या महाविद्यालयात प्रश्नावली घेऊन गेलो आणि विचारलं, 'गेल्या तीन महिन्यांत तुम्ही उपवास केला का?' ऑक्टोबरात विचारलं तर वर्गातल्या बहुतेक मुली 'हो' म्हणतील, मे महिन्यात आकडा वेगळाच येईल. डीएसएमच्या निकषांत उपास हा 'भरून काढण्याचा' एक मार्ग आहे. पण आपल्या उपवासात देवी असते, आई असते, सोबत मैत्रिणी असतात, आणि कधीकधी, कुणाला न सांगता, वजनसुद्धा असतं. एकाच मुलीच्या एकाच उपवासात दोन्ही असू शकतं. 'उपवास केला का' याऐवजी 'उपवास सोडताना काय वाटतं', 'आदल्या रात्री जास्त खाल्लं म्हणून उपवास धरलात का', 'उपवास नसताना कुणाला उपवास आहे असं सांगितलंत का' असं विचारलं तर काहीतरी हाती लागेल. सोबत सीरम पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि लघवीतलं क्लोराइड तपासायला मिळालं तर उत्तमच, अर्थात एथिक्स कमिटीची परवानगी, लेखी संमती आणि ज्यांच्यात काही निघेल त्यांच्या उपचाराची सोय आधी पक्की करून.

हा लेख वाचताना कुणाला स्वतःचं किंवा मैत्रिणीचं काही ओळखीचं वाटलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. चक्कर येणं, छातीत धडधड, हातपाय गळून जाणं किंवा उलटीत रक्त असेल तर फोनवर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा. तिथे 'अशक्तपणा आहे' एवढंच सांगू नका, उलट्या होतात हेही सांगा आणि पोटॅशियम व ईसीजी बघायला सांगा.